आरशातला धाकटा

आमच्या घरात आरसा शोभेसाठी नव्हता, पोटापाण्यासाठी होता. वडिलांचं येडशीला स्टेशनच्या रस्त्यावर केस कापायचं दुकान होतं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन आरसे, मधे दोन खुर्च्या आणि दाराशी वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की वडील त्याच्याशी आरशातूनच बोलायचे, तोंडाकडं थेट बघायचे नाहीत. पुढं माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तीच सवय लागली. अमक्याच्या गालावरचा तीळ कुठल्या बाजूला, असं विचारलं तर तो हमखास उलटी बाजू सांगायचा, आणि वर भांडायचा.

एकदा वडिलांनी लातूरहून पुरुषभर उंचीचा आरसा मागवला. तो गाडीतून उतरवताना स्टेशनवरच फुटला. वडिलांनी हमालाला, मग आम्हाला आणि शेवटी नशिबाला शिव्या घातल्या. सागवानी चौकट तेवढी धड राहिली, ती माळ्यावर गेली. ती आम्ही दोघांनी खाली काढली. तिच्यात काच नाही, पलीकडचं सगळं दिसतं, हे बघून दादाच्या डोक्यात सोंग आलं. आमच्यात दीड वर्षाचं अंतर आणि चेहरे इतके सारखे की मास्तर एकाचा मार दुसऱ्याला द्यायचे. दादा चौकटीच्या अलीकडं उभा राहणार, तो माणूस. मी पलीकडं, त्याचं आरशातलं रूप. मी धाकटा, म्हणून आरशातला मी. यावर चर्चा झाली नाही.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. माणसानं उजवा हात उचलला की आरशातल्यानं डावा उचलायचा. हाताकडं बघून हलायला गेलं की उशीर होतो आणि लोक ओळखतात. दादाचा खांदा हलायच्या आधी छाती किंचित वर यायची, मी नजर तिथं ठेवायचो. तो टोपी नीट करायचा, कोळशानं काढलेल्या मिशीला पीळ द्यायचा, भांग पाडायचा, दात विचकायचा, आणि मी पलीकडून ते सगळं डाव्या हातानं. याचा मला इतका सराव झाला की एकदा पंगतीत मी डाव्या हातानं घास उचलला आणि आत्यानं सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातला. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा असायचा, अजूनही असतो.

सोंगाचा शेवट दादानंच बसवला होता. माणूस सगळा नट्टापट्टा करून झाल्यावर खिशातून तंबाखू काढतो, चुना लावून मळतो, थाप मारतो. आरशातलाही मळतो. आणि मग माणूस सवयीनं तळहात पुढं करतो. आमच्याकडं तंबाखू कुणी एकटं खात नाही. मळली की समोर जो असेल त्याच्यापुढं हात जातो, मग तो ओळखीचा असो नसो, वैरी का असेना. तर माणूस हात पुढं करतो आणि आरशातला गडी चौकटीतून हात बाहेर काढून त्यातली चिमूट उचलतो, ओठाखाली ठेवतो. माणूस पण हसून मान हलवतो. मग दोघांच्याही ध्यानात येतं आणि दोघं ओरडत पळत सुटतात.

शाळेच्या गॅदरिंगला आम्ही तंबाखूऐवजी ओवा वापरला. सोनारीच्या जत्रेत एका मंडळानं आम्हाला स्टेजवर चढवलं, तिथं खरी तंबाखू होती. चिमूट उचलली तेव्हा जे हसू उसळलं तसं हसू मी नंतर कुठंच ऐकलं नाही. दादानं तळहातावरची उरलेली खरोखर तोंडात टाकली. मी माझी चौकटीमागं थुंकून दिली. मला ती चव आवडली नाही, एवढंच. यात माझा काही शहाणपणा नव्हता. आणि सोंगामुळं दादाला सवय लागली असंही मी म्हणणार नाही. आमच्या भागात त्यासाठी सोंगाची गरज पडत नाही.

वडिलांमागं दुकान दादाकडं आलं. मी एसटीत कंडक्टर झालो. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, माझाही संसार झाला. चौकट परत माळ्यावर गेली. दादानं जाड, दोन्ही टोकांना खाली उतरलेली मिशी राखली होती आणि ती दिवसातून दहादा आरशात बघायचा. एका गिऱ्हाइकाचं झालं की दुसरं बसेपर्यंत तंबाखू मळायचा आणि बाकड्यावरच्या सगळ्यांपुढं हात फिरवायचा.

गालातला पांढरा चट्टा त्यानंच सगळ्यात आधी बघितला. दिवसभर आरशासमोर उभा राहणारा माणूस तो, त्याला नाही दिसणार तर कुणाला? पण बोलला नाही. वहिनीला कळलं ते तो भाकरी दुधात कुस्करून गिळायला लागला तेव्हा. तोंड दोन बोटांएवढंही उघडत नव्हतं. मी त्याला बार्शीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी उजव्या बाजूचा अर्धा जबडा काढला आणि छातीचं कातडं वर ओढून गालाला लावलं. मिशी तर आधीच गेली होती. नाकातून नळी, गळ्याला टाके, आणि तोंड असं एका बाजूला ओढलं गेलेलं की पहिल्या दिवशी मी खाटेजवळ गेलो आणि पलीकडच्या खाटेवर दादाला शोधायला लागलो.

घरी आणायच्या आधी वहिनीनं सगळे आरसे काढले. भिंतीवरचा गेला, कपाटाच्या आरशावर कॅलेंडर चिकटलं, मोटारसायकलचे दोन्ही आरसे पोरीनं पान्यानं सोडवले. तरी दादा स्टीलच्या ताटाकडं बघत बसायचा. मग ताटं जाऊन प्लास्टिकच्या वाट्या आल्या. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत तो दिसायचा, म्हणून टीव्हीवर टॉवेल पडला. या सगळ्याचा मला राग यायचा. आंधळ्याला सांभाळावं तसं आम्ही एका डोळस माणसाला सांभाळत होतो. पण आरसा परत लाव म्हणायची माझीही छाती नव्हती.

दुकान बंदच होतं. तिथं दोन भिंतींना दोन आरसे होते आणि ते काढले तर मग दुकान कशाचं? दादा दार लावून घरात बसायचा. तोंडावर पंचा. त्याचं बोलणं जाड झालं होतं, बाहेरच्याला कळत नसे, आम्हाला सवयीनं कळायचं. छातीचं कातडं गालाला लावल्यामुळं त्या गालावर छातीचे केस उगवत होते, कुरळे. ज्यानं निम्म्या येडशीची दाढी केली त्याच्या गालावर ते तसेच वाढत होते. तो कुणाला हात लावू देत नव्हता.

अशातच त्याच्या पोरीला तामलवाडीचं स्थळ आलं. पोरगी नर्सिंग शिकलेली, बापाची नळी तीच साफ करायची. मुलगा चांगला होता, नोकरीला होता. पोरीनं त्याला एका लग्नात बघितलेलं होतं आणि तिच्या मनात तो भरला होता. ते तिनं वहिनीला सांगितलं, वहिनीनं दादाला. त्या दिवशी दादानं पंचा जरा सैल केला होता. आपल्या डोळ्यांदेखत पोरीचं व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. आपल्याला किती दिवस आहेत हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पाहुणे यायचं ठरलं आणि आत्या आली. चहाचा कप खाली ठेवून ती सरळ म्हणाली, "याला आत बसवा. धाकट्याला बसवा म्होरं. दोघं एकसारखेच तर हायत."

"आत्या, असं कुठं असतंय व्हय?" मी म्हणालो.

"असतंय. एकदा सुपारी फुटू दे, मग सांगू की आजाराचं. पयल्या भेटीला ह्याचं तोंड बघितलं तर पावणं चहासुदिक घ्यायचं न्हाईत."

दादा तिथंच बसला होता. त्यानं मान हलवून नको म्हटलं. वहिनी रडत आत गेली. आत्या लोकांच्या तोंडावर असंच बोलते, आणि बऱ्याचदा लोक तसंच करतात.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी दादानं मला अंगणात बोलावलं. पाटावर बसवलं, स्वतः समोर बसला, आणि तोंडावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला.

"आरशातला हो," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"दादा, कशाला आता?"

"घरात आरसा न्हाय. तू हायेस. म्या हाय तसा कर."

क्षणभर वाटलं, तोंड सरळच ठेवावं. काही फारसं नाही रे, असं दाखवावं. पण ते सोंग त्यानंच मला शिकवलेलं. आरशातल्यानं अर्ध्या श्वासाचा उशीर केला तरी त्याला कळायचं. खोटं केलं असतं तर त्यानं तिथंच पकडलं असतं आणि परत माझ्यावर विश्वास ठेवला नसता. मी त्याच्या छातीकडं बघितलं. मग डावा गाल आत ओढला, जबडा मागं घेतला, खालचा ओठ एका बाजूला लोंबू दिला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मी तीही गळू दिली.

तो बघत राहिला. मान डावीकडं वळवली, मी उजवीकडं वळवली. त्यानं हात उचलून गालावरच्या केसांना लावला, मी माझ्या गालाला लावला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्यानं विचारलं, "रडतुयस तू का म्या?"

"मी," मी म्हणालो.

"मग पूस. आरशात चूक हुतीया." त्यानं पंचा माझ्याकडं फेकला. आणि जरा वेळानं म्हणाला, "आत्या बरुबर बोलली. तूच बस म्होरं."

मग त्यानं दुकानातली पेटी आणायला लावली. मी त्या वेळी नोकरीच्या धावपळीत मिशीकडं लक्ष न देणारा माणूस, ती वाढून ओठावर आलेली. दादानं तिला कलप लावला. कात्री, कंगवा, वस्तरा. माझी हनुवटी दोन बोटांत धरून त्यानं मान इकडं तिकडं वळवली. अंगणात आरसा नव्हता, त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या तोंडाकडं थेट बघून काम करत असावा. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, त्याला औषधाचा आणि जखमेचा वास होता. हात मात्र जसाच्या तसा होता, जरासुद्धा कापत नव्हता. काम झाल्यावर त्यानं आपला चौकडीचा शर्ट मला घालायला दिला, मनगटावर आपलं घड्याळ बांधलं, आणि दोन पावलं मागं सरकून उभा राहिला.

"आला बघ," तो म्हणाला.

"कोण?"

"म्या."

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. आत्यानं दारातच माझ्याकडं हात करून सांगितलं, "हे पोरीचे वडील." त्यांच्याबरोबर आलेला मध्यस्थ आत्याच्याच ओळखीचा, त्याला सगळं ठाऊक होतं. तो चपला काढण्यात गुंतला. मी हात जोडले. पोहे झाले, पोरगी येऊन बसली, तिला शिक्षण विचारलं, तिनं सांगितलं. ती एकदाही माझ्याकडं बघत नव्हती. मुलगा तिच्याकडं बघून हसला तेव्हा ती हसली. मधल्या खोलीच्या चौकटीला पडदा होता आणि त्याच्याखाली मला दादाचे पाय दिसत होते.

पोरगी आत गेली. चहा आला. मुलाचे वडील मोकळ्या स्वभावाचे होते, त्यांना पोरगी आवडल्याचं तोंडावर दिसत होतं. आता तारखेचं बोलू, असं ते म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांनी खिशातून पुडी काढली. चुन्याची डबी काढली. अंगठ्यानं मळली, थाप मारली, फुंकर घातली आणि माझ्यापुढं तळहात केला.

नको म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? काही नाही. पण मी त्या घडीला मी नव्हतो, दादा होतो. आणि समोरचा हात पुढं आला की आरशातल्यानं काय करायचं हे माझ्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं. माझा डावा हात गेला. मी चिमूट उचलली आणि ओठाखाली ठेवली.

पडदा सर्रकन बाजूला झाला. दादा आला. तोंडावर पंचा नव्हता. त्यानं पाहुण्यांकडं बघितलंही नाही. सरळ माझ्यापुढं आला, एका हातानं माझे दोन्ही गाल दाबून तोंड उघडलं आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घालून तंबाखू खरवडून काढली. लहान पोरानं माती खाल्ली की आई काढते तशी. बोट त्यानं आपल्याच शर्टाला पुसलं.

"थूक," तो म्हणाला. "थूक म्हणतो न्हवं!"

मी चहाच्या बशीत थुंकलो. मुलाच्या वडिलांचा तळहात अजून तसाच पुढं होता. ते माझ्याकडं बघायचे, दादाकडं बघायचे. दोन माणसं, एकच नाक, एकच कपाळ, एकाला गाल आहे आणि एकाला नाही. मग त्यांनी हळूच मूठ मिटली. मी खुर्चीवरून उठलो. दादा माझ्या जागेवर बसला आणि त्यानं हात जोडले.

"म्या पोरीचा बाप," तो म्हणाला. पाहुण्यांना शब्द कळले का नाहीत, ठाऊक नाही. अर्थ कळला असावा.

ते फार वेळ थांबले नाहीत. उठताना मुलाच्या वडिलांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यामुळं वहिनीला आशा वाटली. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मी दादाच्या समोरच तो घेतला.

"तोंडाचं, आजाराचं काय न्हाय म्हणत्यात," तो सांगत होता. "आमच्याबी घरात आजार हायती म्हणत्यात. पर बाप म्हणून दुसराच माणूस म्होरं बसवला. आज बाप दडवला, उद्या अजून काय दडवतील म्हणत्यात. न्हाय म्हणाले."

आत्या मध्यस्थाला शिव्या देऊ लागली. मला तिचा इतका राग आला की मी तिला जन्मात पहिल्यांदा गप बस म्हणालो, आणि ती बसली. पोरगी वाट्या विसळत होती. तिचे हात थांबले, परत चालू झाले. नंतर ती माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "काका, ती मिशी काढा तुमी."

मी काढणार होतो. दादानं काढू दिली नाही. "राहू दे," तो म्हणाला. "माझी हाय ती." पुढंही तिला कलप तोच लावायचा.

त्याच दिवशी त्यानं पोरीला आरसे परत लावायला सांगितले. भिंतीवरच्या आरशासमोर तो दुपारच्या उजेडात बराच वेळ उभा राहिला. मी मागं उभा होतो. त्यात त्याचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या खांद्यावरून माझा. तो आरशातूनच माझ्याशी बोलला, "तू केलंस त्यापरीस बरा हाय की रं." तसा तो बरा नव्हता. मी हो म्हणालो.

मग त्यानं दुकान उघडलं. दोन आरशांच्या मधे उभा राहायचा, उघड्या तोंडानं. काही गिऱ्हाइकं यायची थांबली. त्यांची नावं मला माहीत आहेत आणि मी ती विसरणार नाही. काही येत राहिली. बाकड्यावर कुणी तंबाखू मळायला लागलं की दादा काही बोलायचा नाही. कात्री थांबवून त्याच्याकडं वळून नुसता उभा राहायचा. बहुतेक जण पुडी खिशात घालायचे. एकानं सवयीनं दादापुढंच हात केला होता म्हणे, आणि मग तो दुकानातून जे पळाला ते टोपी बाकड्यावर सोडून.

थंडी सरता सरता गळ्याला गाठ आली. बार्शीला परत नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. दादा आतून म्हणाला, "त्याला कशाला बोलावताय, इथंच सांगा." त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. पोरीचं लग्न त्यानं बघितलं नाही. ते दुःख माझ्यातून जात नाही आणि जावं अशी माझी इच्छाही नाही.

दहाव्याला आम्ही रामलिंगच्या बाजूला ओढ्यावर बसलो. कळंबचा आमचा चुलतभाऊ वस्तरा घेऊन बसला होता. त्यानं माझं डोकं भादरलं, मग मिशीला पाणी लावलं. मी त्याचा हात धरला. तो थांबला. मग मीच हात सोडला, आणि त्यानं दोन फटक्यांत ती काढली. काळे केस माझ्या मांडीवर पडले. मुळाशी पांढरे होते.

धंद्याची सवय म्हणून त्यानं हातातला लहान आरसा माझ्यासमोर धरला. त्यात एक गुळगुळीत, ओळख न पटणारा माणूस होता. मी डावा गाल आत ओढला, जबडा मागं घेतला, ओठ सोडला. समोर दादा बसला होता, अंगणात बसला होता तसा, उजवा गाल आत गेलेला. मी त्याच्या छातीकडं बघायला गेलो, आरसा तेवढा मोठा नव्हता.

"झालं का बघून?" चुलतभाऊ म्हणाला. "मागं पोरं खोळंबल्यात."

मी आरसा परत दिला आणि पुढच्यासाठी जागा केली.